सगळ्यांना थोडं थोडं वाढू नका, पाच जणांना पोटभर घाला

पत्र असं आलंय, थोडं कापून देतोय:

"दादा, मी टोकियोत निशी-कासाईला राहते. ऑफिसला जाता-येता तोझाई लाइनमध्ये पाझुदोरा खेळते, म्हणजे पझल अँड ड्रॅगन्स. ऑफिसातल्या जपानी मैत्रिणीने लावून दिलं आणि मग सुटलंच नाही. आता बॉक्समध्ये चारशेच्या वर प्राणी झालेत, कुणी २० लेव्हलला, कुणी ३५ ला, कुणालाच टाकवत नाही म्हणून आळीपाळीने सगळ्यांना खायला घालते. कॉइन कायम संपलेले. एका पाण्याच्या डन्जनमध्ये बॉसपाशी पोचते आणि रोज हरते, लीडर शिवा आहे, सगळ्यात जास्त लेव्हल त्याचीच. गेममध्ये आपले देव आहेत त्यातले शिवा, लक्ष्मी, पार्वती, गणपती मिळाले, आता कृष्ण आणि सरस्वती पाहिजेत म्हणजे पाहिजेत. मागच्या महिन्यात गाचावर, म्हणजे नशिबाने प्राणी देणाऱ्या सोडतीवर, १२ हजार येन गेले, नवरा म्हणतो एवढ्यात तुला खरा ड्रॅगन आणून दिला असता. आणि परवा बॉक्समध्ये जागा करायला बसले होते तर सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी मागून बघितलं, स्क्रीनवर गणपती आणि माझं बोट विकायच्या बटणावर! म्हणाल्या, अगं देव विकतेस होय? आता सांगा, वाढवू कुणाला, इव्हॉल्व कुणाला करू, पैसे घालू का नको, आणि गणपतीचं काय करू? - पाझुदोरावाली."

ताई, आधी तुमच्या बॉसचं बघू, कारण ते दोन मिनिटांत सुटणारं आहे आणि बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. तुम्ही पाण्याच्या बॉससमोर शिवाला घेऊन जाताय. शिवा आगीचा, लाल. आग लाकडावर भारी, लाकूड पाण्यावर भारी, पाणी आगीवर भारी हे तर तुम्हाला माहीतच असणार, पण ते किती भारी हे बहुतेक लोक कधी गणित करून बघत नाहीत. भारी असलं तर मार दुप्पट लागतो, उलटं असलं तर निम्मा. म्हणजे तुमच्या लाडक्या शिवाची लेव्हल कितीही असू दे, पाण्यासमोर तो निम्माच मारतोय, आणि बॉक्समध्ये लाकडाची, म्हणजे हिरवी पार्वती बसून आहे जी तिथे दुप्पट मारली असती. पार्वतीची लेव्हल शिवापेक्षा निम्मी असली तरी ती तिथे जास्त कामाची आहे. लेव्हल बघून टीम लावायची नसते, समोर कोण आहे ते बघून लावायची असते.

आता जरा आकडे मांडतो, कंटाळू नका, एकदाच मांडतो. समजा तुमच्या एका हिरव्या प्राण्याचा अटॅक १,००० आहे. तुम्ही बोर्डवरचे तीन हिरवे गोळे एका ओळीत जुळवून फोडले, एवढंच केलं, म्हणजे एक कॉम्बो, तर तो १,००० मारणार. आता त्याच चालीत अजून चार कॉम्बो झाले, कुठल्याही रंगाचे, तर पहिल्यानंतरच्या प्रत्येक कॉम्बोला २५ टक्के वाढ मिळते, म्हणजे पाच कॉम्बोला सगळं दुप्पट, २,०००. आता लीडर असा आहे की हिरव्यांचा अटॅक दुप्पट करतो, आणि सोबत घेतलेला मित्राचा लीडरही तसाच आहे, तर ते दोन अधिक दोन होत नाही, दोन गुणिले दोन होतं, चौपट, म्हणजे ८,०००. आणि समोर पाण्याचा बॉस, परत दुप्पट, १६,०००. आणि तुमचा तोच १,००० अटॅकवाला लाल प्राणी, एक कॉम्बो, लीडर त्याच्या काही उपयोगाचा नाही आणि समोर पाणी, तर किती? ५००. बघा म्हणजे. ५०० पासून १६,००० पर्यंत, आणि यात लेव्हल एकाचीही वाढवलेली नाही, एक कॉइन खर्च नाही, एक येन नाही!

म्हणून मी म्हणतो की तुमचा प्रॉब्लेम प्राणी कमी असण्याचा नाहीये, तुमच्याकडे नको इतके प्राणी आहेत. लग्नाच्या पंगतीत वाढावं तसं तुम्ही चारशे जणांना थोडं थोडं वाढताय आणि पोट कुणाचंच भरत नाहीये. टीममध्ये सहाच जागा असतात, एक तुमचा लीडर, चार मधले, आणि सहावा मित्राचा लीडर. म्हणजे तुम्हाला खरं तर पाचच वाढवायचेत, सहावा दुसऱ्याने वाढवून ठेवलेला असतो. चारशेतले तीनशे पंचाण्णव आज उपाशी राहिले तर काहीही बिघडत नाही.

पाच निवडायचे कसे? आधी लीडर. प्राणी दिसायला किती सुंदर आहे, वर किती तारे आहेत हे सोडून द्या, त्याचं लीडर स्किल उघडून वाचा, जपानीत असलं तरी कांजी ठरलेल्याच येतात, आठवड्याभरात डोळ्याला सवय होते. बहुतेक लीडर काय म्हणतात, या रंगाचा अटॅक इतका पट, किंवा या जातीचा, ड्रॅगन म्हणा देव म्हणा राक्षस म्हणा, इतका पट, किंवा अमुक इतके रंग किंवा कॉम्बो जुळवले तर इतका पट. तुम्हाला आत्ता पहिल्या प्रकारचा साधासरळ लीडर पाहिजे, हिरव्याचा अटॅक वाढवणारा, असे लीडर या गेममध्ये अगदी सुरुवातीपासून आहेत आणि चारशेत तुमच्याकडे एखादा नक्की पडलेला असणार. पार्वतीचंच लीडर स्किल जमत असेल तर उत्तम, नसेल जमत तर पार्वती मधल्या चारात जाईल, काही अडत नाही. तिसऱ्या प्रकारचे लीडर आकड्यात भारी दिसतात पण हात बसला नसेल तर दर दुसऱ्या चालीला अट चुकते आणि मग तो लीडर असून नसल्यासारखा, त्यांना पुढे बघू.

मग मधले चार हिरवे. त्यातला एक तरी असा घ्या ज्याचं ॲक्टिव्ह स्किल गोळ्यांचा रंग बदलतं, लाल गोळे हिरवे करणारा, किंवा गुलाबी बदाम हिरवे करणारा. असा प्राणी मामुली असला, तारे कमी असले तरी चालतो, बॉससमोर नेमक्या वेळी बोर्ड हिरवागार करणं हे त्याचं काम, मारणं नाही. माझ्या ओळखीतले निम्मे लोक असल्या प्राण्यांना खायला म्हणून वापरून टाकतात आणि मग रडत बसतात. तुम्ही टाकले नसतीलच, तुम्हाला टाकवत नाही ते इथे कामाला आलं.

आता हाताचं. तुम्ही पत्रात प्राण्यांबद्दल पानभर लिहिलंय आणि गोळे फिरवण्याबद्दल एक ओळ नाही, त्यावरून मी अंदाज बांधलाय की तुम्ही गोळा उचलून जवळच्या दोघांना चिकटवता आणि सोडता, एक कॉम्बो, फार तर दोन. आडवे ६ आणि उभे ५ असे ३० गोळे असतात, म्हणजे तीन-तीनचे जास्तीत जास्त दहा कॉम्बो बसतात, आणि दहा कुणी मागत नाहीये, चार-पाच मागतोय मी.

यातली युक्ती एकच आहे. धरलेला गोळा जिथे जातो तिथला गोळा उलट्या दिशेने एक घर सरकतो. म्हणजे तुम्ही उजवीकडे गेलात की वाटेतला गोळा डावीकडे येतो. हे एकदा डोक्यात बसलं की धरलेला गोळा महत्त्वाचा राहतच नाही, तो नुसता ढकलायला असतो. असं बघा, एका ओळीत लाल, लाल, निळा, लाल असे चार आहेत, निळा मध्ये तडमडलाय. निळ्याच्या बरोबर खाली एक हिरवा आहे. नवीन माणूस काय करतो, शेवटचा लाल उचलतो, डावीकडे सरकवतो, तीन लाल झाले, सोडतो. झाला एक कॉम्बो, चाल संपली. त्याऐवजी खालचा हिरवा धरा. वर न्या, निळा खाली आला. आता उजवीकडे न्या, लाल डावीकडे आला. लाल, लाल, लाल झाले आणि हिरवा अजून तुमच्या बोटाखालीच आहे, तसेच पुढे जा आणि पुढची तिकडी लावा. बोट उचलेपर्यंत काहीच फुटत नाही, वेळ असेपर्यंत लावत राहायचं, फक्त लावून झालेल्या तिकडीवरून परत जायचं नाही, नाहीतर मोडते. म्हणून एका कडेपासून सुरू करून दुसरीकडे सरकत जायची सवय लावा.

आणि घाई करू नका हो. वेळ सुरू होतो तो तुम्ही गोळा पहिल्यांदा हलवल्यापासून, बोर्डकडे बघत बसण्याला वेळ लागू नाही. निशी-कासाईहून निघालात की पहिली चाल ओतेमाची येईपर्यंत नुसती बघत बसलात तरी बॉस काही म्हणणार नाही. आधी तीन तिकड्या डोळ्याने ठरवा, मग बोट लावा. तिरकंही जाता येतं पण ते सध्या विसरा, तिरकं जाताना बोट घसरतं आणि शेजारचा गोळा हलतो, विशेषतः गर्दीत कुणी धक्का दिला की. वरून पडणाऱ्या गोळ्यांनी आपोआप कॉम्बो होतात, तुमची मैत्रीण त्याला ओचिकोन म्हणत असेल, ते आले तर आले, त्यांच्या भरवशावर बसू नका.

एक बारीकसं सांगायचं राहिलं, एकाच रंगाचे पाच गोळे जोडून फोडले तर त्या रंगाचा मार समोरच्या सगळ्यांना बसतो. बॉसपर्यंत जाताना तीन-चार जण एकदम समोर येतात तिथे हे वापरा, बॉस एकटा असतो तिथे तीन-तीनच्या दोन तिकड्या जास्त बऱ्या.

आता वाढवायचं आणि इव्हॉल्व करायचं, म्हणजे प्राण्याला पुढचं रूप द्यायचं. इथे तुमचे कॉइन कुठे जातायत ते मला पत्रातूनच दिसतंय. खायला घालायचे कॉइन खाणाऱ्याच्या सध्याच्या लेव्हलवर ठरतात, लेव्हल जितकी वर तितका प्रत्येक घासाचा भाव जास्त. तुम्ही काय करता, मिळेल ते एक-एक, चिल्लर प्राणी, ३५ लेव्हलवाल्याला भरवता. एवढ्याशा एक्सपीसाठी, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या गुणांसाठी, प्रत्येक वेळी ३५ लेव्हलचा भाव मोजता. त्यापेक्षा खाऊ साठवा, आणि मोठा खाऊ, ते किंग मेटल ड्रॅगन वगैरे जे खास खायला घालायलाच बनवलेत ते, प्राणी लेव्हल १ वर असताना एकदम घाला. आणि रंगाला रंग द्या, हिरव्याला हिरवा खाऊ दिला की एक्सपी दीडपट मिळते. तुम्ही लाल ड्रॅगन पार्वतीला भरवत असाल तर त्याच्यातला तिसरा हिस्सा फुकट घालवताय.

इव्हॉल्वचं आधी हे बघा की इव्हॉल्व केल्यावर लेव्हल परत १ होते. साध्या इव्होल्यूशनला आधी लेव्हल पूर्ण भरावी लागते, तिथे इलाज नाही, भरा, पण जेमतेम भरेल एवढंच घाला, मोठा खाऊ तिथे उडवू नका. अल्टिमेट इव्होल्यूशनला, म्हणजे त्याच्या पुढच्या पायरीला, मात्र लेव्हल भरलेली असावी लागत नाही, मटेरियल असलं की झालं, त्यामुळे जो प्राणी अल्टिमेटला जाणार आहे त्याला आधी खाऊ घालणं म्हणजे शुद्ध नासाडी, आधी अल्टिमेट करा, मग भरवा. आणि त्याच्याही पुढची जी रूपं आहेत त्यांच्या अटी वेगळ्या, बटण दाबायच्या आधी काय लागणार ते स्क्रीनवर दाखवतात ते वाचून घ्या. स्किलची लेव्हल मात्र सहसा टिकते, अवेकनिंग, म्हणजे प्राण्याच्या एकेक करून उघडणाऱ्या जादा शक्ती, टिकतात, म्हणून त्या उघडणारा तामादोरा आत्ता खायला घातला तर वाया जात नाही. पण तामादोराही आधी त्या पाच जणांनाच, समजलं ना, गोड दिसतो म्हणून कुणालाही नाही.

अल्टिमेटमध्ये एकाच प्राण्याला दोन-तीन वाटा असतात, एकात रंग बदलतो, एकात अवेकनिंग वेगळी मिळते, तिथे लोक चित्र बघून निवडतात. बघा चित्र, मी नाही म्हणत नाही, पण खाली अवेकनिंगची रांग असते ती वाचा. चुकलं तरी परत फिरवता येतं, त्याला पाचही रंगांचे लिट नावाचे ते छोटे प्राणी एक-एक लागतात, म्हणून लिट दिसले की विकू नका. मटेरियलसाठी वारानुसार डन्जन असतात, आज काय उघडं आहे ते बघून खेळायचं, जे पाहिजे ते नसेल तर त्या दिवशी दुसऱ्या कामाला लागायचं. तुमच्या पाचांना काय काय मटेरियल लागतं त्याची फोनच्या नोट्समध्ये एक यादी करून ठेवा, बाकी ३९५ जणांना काय लागतं ते बघूसुद्धा नका, बघितलं की मन पातळ होतं.

स्किल वाढवायला तेच स्किल असलेला दुसरा प्राणी खायला घालावा लागतो, लागेलच असं नाही, नशिबावर असतं, लागलं की स्किल एक टर्न लवकर भरतं. तो रंग बदलणारा म्हणालो ना, त्याच्यासारखेच डुप्लिकेट तुमच्या चारशेत पडले असतील, ते इथे वापरायचे. गाचाच्या देवांचं स्किल असं सहजी वाढत नाही, त्यांच्यासाठी स्किल वाढवणारे ते पी नावाचे प्राणी असतात, जपून ठेवा.

मग आता पैसे. नवरोबांचा ड्रॅगनचा टोमणा मला आवडला, पण हिशेबात ते अगदीच चुकीचे नाहीयेत हे आधी कबूल करू. तुम्हाला कृष्ण आणि सरस्वती पाहिजेत. गाचामध्ये प्रत्येकाचा टक्का किती ते आता लिहिलेलं असतं, ॲपलने २०१७ च्या डिसेंबरपासून ते सगळ्या गेमना बंधनकारकच केलंय, तो टक्का काढून बघा. हिशेबासाठी धरून चालू की दोघांचाही १-१ टक्का आहे. तर दोघंही मिळायला सरासरी किती वेळा ओढावं लागेल? १५०. पहिला कुणीतरी यायला सरासरी ५०, आणि मग उरलेल्या एकट्यासाठी आणखी १००. बराच काळ एका खेपेला ५ स्टोन, म्हणजे गेममधले येन देऊन घ्यायचे ते दगड, असा भाव होता, त्या भावाने ७५० स्टोन झाले. आणि सरासरी म्हणजे खात्री नव्हे, १ टक्केवाला एक प्राणी शंभर वेळा ओढूनही न मिळालेले शंभरात साधारण ३७ लोक असतात. तुम्ही त्या ३७ मध्ये नसालच असं कुणी सांगितलंय?

सेट पुरा करायची जी खाज आहे ना, शेवटचे दोन राहिलेत, शेवटचा एक राहिलाय, तीच सगळ्यात महाग पडते, कारण जितके जास्त जमतात तितका पुढचा नवा मिळणं अवघड होत जातं. पाच जणांचा सेट, सगळ्यांना सारखी संधी, दुसरं काहीच निघत नाही असं मानलं तरी पाचांसाठी सरासरी ११-१२ वेळा ओढावं लागतं आणि त्यातले ५ निव्वळ शेवटच्या एकासाठी. जपानमध्ये यावर मोठं रामायण झालेलं आहे. काही गेममध्ये गाचातून ठरावीक सेट पुरा केला की वर एक दुर्मीळ बक्षीस अशी स्कीम असायची, कॉम्पु गाचा म्हणायचे, आणि २०१२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्राहक व्यवहार एजन्सीने ते बेकायदा आहे असं जाहीर केलं. पाझुदोरा त्याच वर्षी फेब्रुवारीत आला होता. त्यामुळे तुम्हाला आज सेट पुरा केला म्हणून गेम वेगळं काही देणार नाहीये, ते वेड तुमचं तुम्हीच घेतलंय, माझं म्हणणं एवढंच की कृष्ण आला तरी तुमच्या पाण्याच्या बॉसला त्याचा फरक पडणार नाही.

जाहिरातीवरही फार भुलू नका. २०१७ मध्ये याच गेमच्या कंपनीवर, गंगहोवर, त्याच एजन्सीने कारवाई केली होती, इतक्या प्राण्यांचं अल्टिमेट येणार म्हणून गाजावाजा केला आणि त्यातल्या बहुतेकांचं साधंच इव्होल्यूशन निघालं म्हणून. गेम मला आवडतो, इतक्या वर्षांनीही याच्याइतकं हाताला काम देणारं पझल मोबाइलवर मला सापडलेलं नाही, पण तो धंदा आहे आणि धंदा म्हणून तो जबरदस्त चालला, २०१३ च्या मे महिन्यात तर शेअर बाजारात गंगहोची किंमत निंतेंदोच्याही पुढे गेली होती. ते पैसे कुठून आले असतील?

म्हणून पैसे घालूच नका असं मी म्हणत नाही, महिन्याला सिनेमाला जाता तेवढे घाला, तुमचे कमावलेले आहेत. फक्त फोनला जोडलेलं क्रेडिट कार्ड काढून टाका आणि कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, प्रीपेड कार्ड घ्या, महिन्याला एक, संपलं की संपलं. रात्री अकरा वाजता गॉडफेस्ट, म्हणजे देवांचा तो खास गाचा, संपायला तासभर उरलेला असताना कपडे करून खाली जायचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळाच तुमचे पैसे वाचवतो. दुसरं, हरल्यावर एक स्टोन टाकून पुढे चालू ठेवायचं बटण येतं ते दाबायचं बंद करा. ज्या बॉसने तुम्हाला एकदा झोपवलं तो त्याच टीमला परत झोपवणार आहे. डाव सोडा, टीम बदला, परत या. आणि स्टोन फुकटही मिळतात, प्रत्येक नवं डन्जन पहिल्यांदा पूर्ण केलं की एक मिळतो, तुम्ही एका बॉसपाशी अडकल्यामुळे पुढचे सगळे फुकटचे स्टोन तिथे तसेच पडून आहेत. म्हणजे हिरवी टीम लावून तो बॉस पाडणं हाच तुमच्यासाठी स्टोन मिळवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

आता बॉक्स आणि गणपती. बॉक्स साफ करायलाच पाहिजे, पण एका बैठकीत नको, चारशे प्राणी बघून निर्णय घेता घेता माणूस थकतो आणि मग शेवटच्या पन्नासात भलताच कुणीतरी उडतो. आधी जे ठेवायचे ठरले त्यांना फेव्हरेट करून टाका, फेव्हरेट केलेला प्राणी विकता येत नाही आणि चुकून कुणाला खायलाही जात नाही. तुमचे पाच, रंग बदलणारे सगळे, गाचातून आलेले सगळे देव. डन्जनमध्ये ढिगाने मिळणारे, ज्यांचं स्किल तुमच्या कुणाच्याच उपयोगाचं नाही, ते बिनधास्त विका किंवा भरवा. गाचातल्या दुर्मीळ प्राण्याचे डुप्लिकेट मात्र लगेच विकल्यावर मिळणाऱ्या मॉन्स्टर पॉइंटच्या नादाने विकू नका, अधूनमधून प्राणी बदलून घ्यायची सोय येते, चार-पाच दुर्मीळ द्या आणि त्यातला एक ठरलेला घ्या अशी, तिथे ते डुप्लिकेट कामाला येतात. कृष्ण तसाही कधी मिळाला तर मिळाला.

गणपती तर फेव्हरेट करून टाकाच. गेमच्या दृष्टीनेही दुर्मीळ प्राणी विकण्यात शहाणपण नाही, आणि सासूबाई अजून किती दिवस आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी तेच बरं. पिवळा म्हणजे प्रकाशाचा आहे तो, अंधाराच्या बॉससमोर त्याचा नंबर लागेल, तेव्हा वाढवा. त्याला खायला घातलं तर सासूबाईंना नैवेद्य म्हणून सांगता येईल, त्याला कुणाला खायला मात्र घालू नका, ते कुठल्याच भाषेत समजावता येणार नाही. आणि त्या तिथे आहेतच तर एक सुचवतो, त्यांना शेजारी बसवा आणि बोर्ड दाखवून विचारा की आई, यात लाल कुठे कुठे जुळतील. पत्त्यात किंवा रांगोळीत मुरलेल्या बायकांची नजर या बोर्डवर आपल्यापेक्षा लवकर बसते असा माझा अनुभव आहे, बोट तुमचं, डोळे त्यांचे.

दोन आठवडे हिरव्या टीमवरच राहा. मध्ये कुठलाही कोलॅबोरेशनचा गाचा आला, तुमच्या आवडत्या ॲनिमेचा असला तरी, फुकटची खेप ओढा आणि बाहेर पडा. बॉस तरीही पडला नाही तर मला टीमचा स्क्रीनशॉट पाठवा, पाचही जणांच्या लेव्हल आणि लीडर स्किल दिसतील असा, जपानीतच असू दे, मी वाचतो. आणि बॉस कुठल्या टर्नला काय करतो, बदाम गायब करतो की वेळ कमी करतो की एकदम मोठा मार देतो, तेवढं लिहून पाठवा, कारण त्यावर चौथा हिरवा कोण घ्यायचा ते ठरेल.